पाटणादेवी ते अजिंठा, चार खेपांत: निघायचं कुठून ते परतीच्या गाडीला विचारा

चौघा मित्रांचा प्रश्न आहे. दोघं जळगावचे, दोघं पुण्याचे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीपासून अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत डोंगराची सगळी रांग पायी जोडायची आहे, पण सलग आठ-दहा दिवस सुट्टी कोणालाच नाही. म्हणून चार खेपा, प्रत्येक खेप शनिवार-रविवारची. हाताशी एक कार आणि एक मोटरसायकल. त्यांना विचारायचंय ते एवढंच: प्रत्येक खंड कुठून सुरू करायचा, गाडी कुठे ठेवायची आणि परत कसं यायचं?

मी पाचोऱ्याकडचा. या रांगेत वीसेक वर्षं हिंडतोय, माणसं घेऊन जातोय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. खंडाने चालणारा फसतो तो शेवटाला, सुरुवातीला नाही. सकाळी सात वाजता तुम्ही ताजे असता. रिक्षा नाही मिळाली तर जीप बघाल, जीप नाही तर दूधवाल्याच्या गाडीवर बसाल, तासभर वाट बघायलाही काही वाटत नाही. संध्याकाळी सहाला चौदा किलोमीटर चालून, गुडघे बोलायला लागलेले असताना, पारावरचा म्हातारा सांगतो, “गाडी गयी भाऊ, आते सकाय.” मग त्या ‘सकाय’ची वाट बघत बसण्याशिवाय काही उरत नाही. म्हणून माझा नियम असा की गाड्या कमी असलेलं टोक सकाळी घ्यायचं आणि गाड्या जास्त असलेलं टोक संध्याकाळी. निघण्याची जागा त्यातून आपोआप ठरते.

आता ही रांग नकाशावर नीट बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. सातमाळा-अजिंठ्याची ही रांग तापी आणि गोदावरीच्या पाण्याची वाटणी करते. उत्तरेला उतार खानदेशात, दक्षिणेला पठार. रांगेला जवळजवळ समांतर, खालच्या सपाटीवरून मुंबई-भुसावळ रेल्वे धावते: चाळीसगाव, कजगाव, नगरदेवळा, पाचोरा, म्हसावद, जळगाव. रांग म्हणजे कापड आणि रेल्वे म्हणजे शेजारी ठेवलेली मोजपट्टी, असं समजा. डोंगर चढून-उतरून तुम्ही कुठेही खाली आलात तरी उत्तरेकडे सरकलं की कुठलं ना कुठलं स्टेशन लागतंच. महाराष्ट्रात सगळ्याच डोंगरांना हे भाग्य नाही.

आणि रांगेला आडवे कापणारे घाट हे तुमच्या खंडांचे सांधे. पश्चिमेकडून मोजलं तर चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट, मग नागदचा रस्ता, मग बनोटीचा परिसर, मग सोयगावहून वेताळवाडीवरून चढणारा हळदा घाट आणि शेवटी फर्दापूर-अजिंठ्याचा घाट. सरळ रेषेत पाटणादेवी ते अजिंठा पाऊणशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पायाने त्याच्या दीडपट धरा, कारण सोंडा (डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या धारा) आणि नाळी (अरुंद घळी) सरळ रेषेत चालू देत नाहीत. तुम्ही अंतराचे चार समान तुकडे पाडायला निघाला होतात. ते सोडून द्या. तुकडा घाटावर पाडायचा, मग एक खंड बारा किलोमीटरचा होवो की तीसचा. डोंगराच्या मध्येच, जिथे बैलगाडीच जाते अशा वस्तीवर खंड संपवलात तर पुढच्या खेपेला तिथे पोचण्यातच अर्धा शनिवार जाईल.

सोयगावबद्दल एक गंमत आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वेळापत्रक शोधताना गोंधळ होईल. सोयगाव, बनोटी, फर्दापूर ही गावं घाटाच्या खाली, खानदेशच्या बाजूला. पाणी तापीकडे जातं, बाजार पाचोरा-शेंदुर्णीशी, पण तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. जुन्या निजामी हद्दीचा हा वारसा. त्यामुळे तिथे जळगाव जिल्ह्यातूनही बस येते आणि सोयगाव आगाराचीही निघते. एकाच आगाराचा फलक वाचून ‘बस नाही’ असा निष्कर्ष काढू नका, दोन्हीकडे विचारा.

पुण्याच्या दोघांसाठी हिशोब सोपा आहे. पुण्याहून रात्री निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सकाळी चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत पुढे जाते, आणि परतीची त्याच मार्गाने संध्याकाळी येते. वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. ही गाडी उशिरा येण्यातही प्रसिद्ध आहे. म्हणजे शुक्रवारी रात्री पुण्यात बसायचं, शनिवारी सकाळी उतरायचं, रविवारी संध्याकाळी परत. तुमच्या प्रत्येक खंडाची खरी शेवटची वेळ ही परतीची गाडी ठरवते. मी तिच्या तीन तास आधी पक्क्या रस्त्यावर पोचायचं असा हिशोब करतो. दोन तास प्रवासाचे, एक तास आपल्या नशिबाचा. परतीचं तिकीट मात्र जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढून ठेवा. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे जाणारी गर्दी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

जळगावच्या दोघांनी कारचा मोह जरा आवरावा. एक कार असलेला गट हमखास एक चूक करतो: कार सुरुवातीला लावतो. का, तर सोयीचं वाटतं. मग शेवटाला उतरून, थकल्या अंगाने, अंधारात ती कार आणायला परत मागे जायचं. कार लावायचीच तर शेवटाला लावा आणि सकाळी तिथून भाड्याच्या गाडीने सुरुवातीला जा. त्याहून चांगलं म्हणजे कार चाळीसगाव किंवा पाचोऱ्यात, स्टेशनजवळ ओळखीच्या घरी ठेवायची आणि डोंगरापर्यंतचा तुकडा एसटी-जीपवर सोडायचा. खंडाची दोन्ही टोकं रेल्वेच्या मोजपट्टीवर येतात, त्यामुळे कार कुठल्या टोकाला आहे याने फारसं बिघडत नाही.

मोटरसायकल मात्र खूप कामाची. शुक्रवारी संध्याकाळी एकाने ती शेवटच्या गावात नेऊन एखाद्या किराणा दुकानदाराच्या अंगणात लावायची आणि बसने परत यायचं. रविवारी उतरल्यावर एकजण त्या गाडीवर जाऊन कार घेऊन येतो, बाकीचे तिघं चहा पितात. जंगलाच्या कडेला, देवळाच्या मोकळ्या आवारात गाडी ठेवू नका. चोरीपेक्षा तिथे माकडांचा त्रास जास्त. सीटचा फोम आणि वायरी त्यांना का आवडतात देव जाणे. आणि गाडी कोणाच्या दारात लावली, परत कधी येणार, हे पोलीस पाटलाच्या कानावर घालून ठेवा. दोन दिवस अनोळखी गाडी उभी दिसली की गावात चर्चा सुरू होते, आणि चर्चेचा शोध घ्यायला माणसं डोंगरात यायला लागतात.

कधीकाळी तुमचा गट सहा-आठ जणांचा झाला आणि दोन गाड्या असल्या तर एक जुनी युक्ती आहे. अर्धा गट एका टोकाने, अर्धा दुसऱ्या टोकाने निघतो, मध्ये भेटतात, जेवण करतात आणि किल्ल्या बदलतात. युक्ती उत्तम आहे, पण एका खेपेत आमचे दोन गट एकाच नाळेच्या दोन बाजूंनी चढून एकमेकांना न भेटताच पुढे गेले. किल्ल्या ज्याच्या त्याच्या खिशात. तेव्हापासून आम्ही जादा किल्ली आधीच एकमेकांना देतो.

आता एसटीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण डोंगराखालच्या गावांत एसटी अजूनही घड्याळ आहे. मुक्कामी गाडी हा प्रकार समजून घ्या. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची बस गावातच रात्र काढते, चालक-वाहक तिथेच झोपतात, आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून परत निघते. चालणाऱ्यासाठी ही बस सोन्यासारखी. शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी मुक्कामी गाडीने पायथ्याच्या गावात शिरा, देवळात पथारी टाका, सकाळी सहाला डोंगराला भिडा. उलट दिशेने, म्हणजे शेवटाला, मुक्कामी गाडीचा काही उपयोग नाही. ती संध्याकाळी आत येते, बाहेर जात नाही. हे न कळल्यामुळे ‘सात वाजता बस आहे’ एवढंच ऐकून पारावर बसलेले लोक मी पाहिले आहेत. बस येते, दिवे विझवते आणि झोपी जाते.

माझी स्वतःची फजिती वेगळी. घाटाखालच्या एका गावात दिवाळीनंतरच्या आठवड्यात उतरलो. वहीत लिहिलेलं होतं, साडेपाचची गाडी. मीच महिनाभर आधी त्याच गाडीने गेलो होतो. पण ती होती शाळेच्या पोरांची गाडी, आणि शाळेला सुट्टी. गाडी येणार कशी? कोणी फसवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. शेवटी कपाशी भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, कापसात रुतून, गावापर्यंत आलो. गादी चांगली होती, पण अंग दोन दिवस खाजत होतं. तेव्हापासून बस कोणासाठी सोडतात हे विचारतो. शाळेची गाडी रविवारी आणि सुट्टीत नसते. बाजाराची गाडी आठवडे बाजाराच्या दिवशीच असते, पण त्या दिवशी काळीपिवळी आणि टेम्पोंची रेलचेल असते. त्यामुळे पायथ्याच्या मोठ्या गावाचा बाजारवार कुठला हे विचारून घेणं म्हणजे अर्धं नियोजन झालं. नवरात्रात पाटणादेवीची यात्रा असते, तेव्हा चाळीसगावहून गाड्या भरपूर, पण गर्दीही तेवढीच.

सलग तीन-चार दिवस काढता आले तर महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास विचारात घ्या, चार आणि सात दिवसांचा मिळतो. दोन दिवसांच्या खेपेला तो परवडत नाही. बरोबर महिला असतील तर अर्धं तिकीट आहेच. जानेवारी २०२५मध्ये भाडं सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं, त्यामुळे जुन्या वह्यांमधले आकडे धरू नका. तसंच जुन्या वर्णनांत पाचोरा-जामनेर छोट्या गाडीने शेंदुर्णीला उतरून सोयगाव गाठायचा सल्ला वाचाल. ती पीजे कोरोनाच्या काळात थांबली. तिच्या आठवणी काढत बसायला मला आवडेल, पण तिच्यावर नियोजन करू नका.

आता एकेक खंड.

पहिला खंड पाटणादेवी ते औट्रम घाटाचा माथा. इथे दिशा उलटी करू नका, एवढंच माझं सांगणं आहे. बरेच जण पितळखोऱ्याच्या लेण्यांना वरून, पठाराच्या बाजूने जातात आणि दरीतून पाटणादेवीला उतरतात, कारण उतरणं सोपं. आणि मग संध्याकाळी पाटणादेवीला अडकतात. तिथून चाळीसगाव अठरा किलोमीटरच्या आसपास आणि संध्याकाळी वाहन मिळणं नशिबावर. त्याऐवजी शनिवारी सकाळी चाळीसगाव स्टेशनवरून रिक्षा किंवा जीप ठरवून पाटणादेवीला जा. चंडिकेचं दर्शन, पाटणचं हेमाडपंती महादेव मंदिर, दुपारपर्यंत कान्हेरगड. याच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. अशा गावातून निघताना तरी वेळेचा हिशोब चुकू नये.

रविवारी पहाटे धवलतीर्थ धबधब्याच्या दरीतून पितळखोऱ्याकडे. ही वाट गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातली आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या हवाच. पाऊस पडत असेल तर ओढ्यातून जाऊच नका. वर कुठे पडला ते खाली कळायच्या आत पाणी येतं. ३१ ऑगस्ट २०२१ला एका रात्रीत याच डोंगरावरून आलेल्या पाण्याने चाळीसगावात पूर आणला आणि औट्रम घाटात दरडी कोसळल्या. लेण्यांजवळ आग्यामोहळं असतात. धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. लेण्यांपासून पायऱ्या चढून पठारावर आलात की पुढे रस्ता आहे, आणि महामार्गावर पोचलं की चाळीसगावकडे उतरणारी बस किंवा जीप मिळते. घाटात जड वाहनांना २०२३मध्ये बंदी घातली गेली, त्यामुळे पूर्वीसारखा ट्रकला हात करून उतरायचा पर्याय राहिलेला नाही. बसचाच हिशोब धरा. चाळीसगावहून पुण्याची गाडी. कार आणायला कुठेही जायचं नाही, ती चाळीसगावातच उभी आहे.

दुसरा खंड सगळ्यात अवघड, आणि याची लांबी तुम्ही ठरवत नाही, अभयारण्य ठरवतं. घाटमाथ्यावरून गौताळ्यातून सरळ पूर्वेला चालत सुटावं असं नकाशा बघून वाटतं. तसं करता येत नाही. सूर्यास्तानंतर आत राहता येत नाही, आणि पायी कुठून कुठे जायचं ते वन्यजीव विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयाला आधी लेखी विचारावं लागतं. दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा, नावं, ओळखपत्रं, तारखा, निघायची आणि बाहेर पडायची जागा लिहून. परवानगीतली बाहेर पडायची जागा तुमच्या योजनेशी जुळत नसेल तर योजना बदला, जागा नाही. नियम म्हणजे निव्वळ कागद आहे असंही समजू नका. बिबटे, अस्वलं इथे आहेतच, आणि २०२१मध्ये टिपेश्वरकडचा एक वाघ चालत चालत गौताळ्यात पोचला. त्याने खंड पाडले नव्हते, आणि परतीच्या गाडीचीही चिंता नव्हती.

या खंडात मी दिशा उलटी करतो. खंडाखंडाने चालताना सगळे खंड एकाच दिशेने चालले पाहिजेत अशी शपथ कोणी घातलेली नाही. नकाशावर रेघ जुळली की झालं. नागद हे डोंगराखालचं टोक, गाड्या बेताच्या. कन्नड हे वरचं टोक, महामार्गावर, गाड्या रात्रीपर्यंत. म्हणून शुक्रवारी-शनिवारी नागदला शिरायचं, स्थानिक माणूस घेऊन अंतूर किल्ला चढायचा, पठारावर नागापूरकडे मुक्काम आणि रविवारी परवानगी असेल त्या वाटेने कन्नडकडे. परवानगी मिळाली नाही तर नागापूरहून जीपने कन्नड गाठा आणि तेवढी रेघ तुटकी ठेवा. मला तुटक्या रेघेचं वाईट वाटत नाही. अंतूरकडे जाताना निजामशाही काळातला एक दगडी खांब आहे, त्यावर फारसीत कुठल्या दिशेला कुठलं गाव ते कोरलेलं आहे. चारशे वर्षांपूर्वीही या पठारावर माणसं चौकात उभी राहून ‘आता कुठे’ असं विचारत होती, एवढं त्यावरून कळतं.

तिसरा खंड बनोटी ते सोयगाव. पाचोऱ्याहून सकाळची गाडी पकडून बनोटी, तिथून नायगाव आणि सुतोंडा किल्ला. सुतोंड्यावर खडकात खोदलेली टाकी भरपूर आहेत, पण टाक्यात पाणी असणं आणि ते पिण्यासारखं असणं या दोन गोष्टी. गाळून, उकळून किंवा गोळी टाकूनच प्या. मग पायथ्याच्या गावांवरून जरंडीकडे. तिथून वर घटोत्कच लेणी आणि जंजाळा किल्ला. वाकाटक राजा हरिषेणाचा प्रधान वराहदेव याचा लेख या लेण्यात आहे, आणि त्याच वराहदेवाचा लेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातही आहे. तुम्ही दोन खेपा घेणार ते अंतर तो मनातल्या मनात जोडून बसला होता. शेवट सोयगावला. तिथे आगार आहे, त्यामुळे पाचोरा-जळगावकडे निघायला अडचण येत नाही.

चौथा खंड वेताळवाडीवरून अजिंठा. सोयगावहून सकाळी लवकर वेताळवाडीचा किल्ला, हळदा घाटाने पठार, आणि पठारावरून अजिंठा लेण्यांच्या वरच्या कड्याकडे. शेवटाला वाघूर नदीच्या नालाच्या आकाराच्या वळणात सगळी लेणी एकदम दिसतात. १८१९मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला ती वरूनच दिसली असं सांगतात. पण इथे एक कुलूप आहे. खाली उतरून लेण्यांतून बाहेर पडायचं तर तिकीट लागतं, दार संध्याकाळी बंद होतं आणि सोमवारी लेणी बंद असतात. म्हणजे तुमचा खंड सरकून सोमवारवर गेला तर कड्यावरून बघून मागे फिरावं लागेल. मी या खंडात रविवारी दुपारी दोनच्या आत कड्यावर, असा हिशोब करतो. लेण्यांपासून फर्दापूर फाट्यापर्यंत चारेक किलोमीटर महामंडळाची बस आहे, आणि फाट्यावर जळगावकडे जाणाऱ्या गाड्या. चारही खंडांत हा शेवट सगळ्यात बिनघोर. म्हणूनच एकूण प्रवास पश्चिमेकडून पूर्वेला करायचा.

पाण्याबद्दल नकाशात नसलेली एक गोष्ट. या उतारावरचे ओढे पाऊस सरला की भराभर आटतात. जानेवारीनंतर नकाशावरच्या निळ्या रेघा म्हणजे नुसती वाळू. तेव्हा पाणी विहिरीचं. आणि विहिरीचं पाणी मिळतं मोटर चालू असेल तेव्हा, आणि मोटर चालते शेतीची थ्री-फेज लाईट असेल तेव्हा. ती कधी दिवसा असते, कधी रात्री, आठवड्याआठवड्याने बदलते. म्हणून पायथ्याच्या गावात पहिला प्रश्न ‘या आठवड्यात लाईट कधी आहे?’ हा विचारा. दिवसाची असेल तर दोन लिटर पाणी कमी वाहून चालतं. रात्रीची असेल तर माणशी चार-पाच लिटर घेऊन चढा. शेतातल्या पाटाचं पाणी कपाशीच्या हंगामात अजिबात नको. फवारणी सुरू असते.

आणि अंधारात शेतातून आडवाट धरू नका. रानडुकरांसाठी काही जण कुंपणात वीज सोडतात. ती तार माणूस आणि डुक्कर यांत फरक करत नाही. उशीर झाला तर गाडीवाटेनेच या, भले तीन किलोमीटर जास्त पडोत. इथे हिवाळ्यात उशीर लवकर होतो, हेही ध्यानात घ्या. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, पण तो दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि तुम्ही रांगेच्या उत्तर उतारावर. साडेचारलाच नाळेत सावली पडते, गारठा उतरतो. भरलेल्या सॅकसह तासाला अडीच किलोमीटर धरा, चढावर त्याहून कमी, आणि साडेतीनला जिथे असाल तिथे थांबून विचारा: पुढचं गाव उजेडात गाठता येईल का? नसेल तर मागच्या गावाला परत. मागचं गाव तुम्ही पाहिलेलं असतं.

हंगाम सप्टेंबर संपता संपता ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. मार्चनंतर खानदेशात चालण्याची गोष्ट काढू नका. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो, आणि काळा खडक संध्याकाळीही भाजत असतो.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकानुसार ४६ पी या गटातली १:५०,००० ची पत्रकं लागतील, पाटणादेवीच्या पश्चिम टोकासाठी ४६ एल. मोबाइलवर नकाशा उतरवून ठेवा, डोंगराच्या आडोशाला रेंज नसते. कागदाच्या मागच्या बाजूला प्रत्येक खंडासाठी दोन सुटकेच्या वाटा लिहा: या ओढ्याने खाली गेलं तर कुठलं गाव, तिथून कुठलं स्टेशन. रेंज आली की १०८ रुग्णवाहिकेला, ११२ मदतीला, आणि वनखात्यासाठी १९२६. साप चावला तर गावठी उपाय करत बसू नका, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. म्हणूनच सुटकेच्या वाटेवर गावाच्या नावापुढे तिथून रुग्णालयापर्यंत किती वेळ लागेल तेही लिहून ठेवतो.

राहण्याचं फार अवघड करू नका. शाळेच्या व्हरांड्यासाठी मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायत, देवळासाठी पुजारी, आणि दोन्हीसाठी पोलीस पाटील. रात्री आठनंतर दार वाजवण्यापेक्षा दुपारी एक फोन बरा, म्हणून वाटाड्या ठरवतानाच मुक्कामाच्या गावातला एक नंबर मागून घ्या. जेवण गावात सांगितलं तर कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत मिळेल. पैसे विचारून, जास्तच द्या. बरोबर घरच्या दशम्या ठेवा. दुधात मळलेल्या, दोन दिवस टिकतात, आणि संध्याकाळी बस चुकली तर पारावर बसून खायला त्याहून चांगलं काही नाही.

पहिली खेप कधी करायची हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. नवरात्र संपल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. यात्रेची गर्दी ओसरलेली असते, धवलतीर्थाला अजून पाणी असतं, आणि दिवाळीची सुट्टी लागलेली नसल्याने शाळेची गाडी चालू असते.